गेलेली गाठ

घाटकोपरच्या हॉस्पिटलात बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर केमो घेणाऱ्या एका अनोळखी आजोबांचा मला राग यायचा. दोघांनाही लिम्फोमा, दोघांनाही एकच औषध. वय कमी तितकी आशा जास्त, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा सदुसष्टचे, आजोबा एकोणऐंशीचे. आणि औषध लागू पडलं ते आजोबांना.

ते एकटेच यायचे. मफलर सोडून मान पुढे करायचे आणि मला म्हणायचे, "हात लावून बघ गो. गेली गाठ!" मग डब्यातली पेज फुर्रकन प्यायचे. बाबांना पाणीसुद्धा जात नव्हतं. ह्या म्हाताऱ्यालाच का, असं मनात यायचं आणि माझी मलाच लाज वाटायची.

परवा नवीन सिस्टर त्यांना म्हणाली, "सोबत घरचं माणूस नसेल तर सलाईन लावणार नाही."

आजोबांनी खुशाल माझ्याकडे बोट दाखवलं. "ही काय, माझी मुलगी."

सिस्टर माझ्याकडे वळली. "हे तुमचे बाबा?"

मी त्यांच्या मोकळ्या मानेकडे बघत होते. "हो," मी म्हटलं. इतक्या पटकन, की शेजारच्या खुर्चीत बाबांनी डोळे उघडले.