न ओतलेलं पाणी

उमरग्यात घरोघर फिरून पाण्यातल्या डासांच्या अळ्या बघायचं काम मी चार वर्षं केलं. प्रत्येक भांड्यात बॅटरीचा उजेड पाडायचा, अळी दिसली की पाणी ओतून भांडं घासायला लावायचं, दाराशेजारी खडूनं लिहायचं आणि पुढचं घर गाठायचं. सोपं वाटतं ना? ज्यांच्या नळाला दहा दहा दिवसांनी पाणी येतं, त्यांना सांगून बघा ओता म्हणून! "तुझा बाप आणून देणाराय का?" हे रोजचंच. माझीही जीभ काही कमी नव्हती.

एका बाईपुढं मात्र ती चालली नाही. नवरा ट्रकवर, घरात ती आणि दोन लेकी. थोरली चौथीत, धाकटी पहिलीत. मोरीजवळच्या बॅरलमध्ये अळ्या वळवळत होत्या. बाई बॅरल धरूनच उभी राहिली. "ताई, कालच वरपर्यंत भरलंय ओ. लेकरांना काय पाजू? पाया पडते, नगा ओतायला लावू."

मला दया आली. कसली मेली दया! तिच्या जुन्या साडीतनं आम्ही दोघींनी पाणी घागरी-बादल्यांत गाळून घेतलं, अळ्या बाहेर मातीत झटकल्या आणि पाणी परत त्याच बॅरलमध्ये भरलं. घासायला आणखी दोन बादल्या गेल्या असत्या, म्हणून घासलं नाही. डासाची अंडी आतल्या कडेला चिकटून राहतात, हे गल्लीगल्लीत बायकांना ओरडून सांगणारी मीच. अळी लिहिली की आठ दिवसांनी परत यावं लागतं. ऊन तापलं होतं, तीसेक घरं राहिली होती. भिंतीवर लिहिलं, अळी नाही.

पंधरा-वीस दिवसांनी थोरलीला ताप भरला. डेंग्यू निघाला. सोलापूरला नेलं, पण ती परत आली नाही.

मी भेटायला गेले. काय तोंडानं गेले, माझं मलाच ठाऊक. बाईनं माझा हात घट्ट धरला. "ताई, घर तर तुमीच तपासलं व्हतं. मग पोरीला चावला कुठं?"

खरं अगदी ओठावर आलं होतं.

"शाळेत चावला असंल," मी म्हणाले. "दिवसाच चावतो तो."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून धाकटीची शाळा बंद केली. दिवसभर घरातच ठेवते, असं शेजारीण मला बाजारात म्हणाली. घरात, म्हणजे त्याच न घासलेल्या बॅरलपाशी. तेव्हा तरी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही.