दुधासोबतची गोळी

आबांचे पाय उंबरठ्यापाशी चिकटायचे. आतल्या खोलीतून बरे चालत यायचे आणि उंबरठा आला की उभेच. हा कंपवात आहे, असं नांदेडच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मेंदूत एक रसायन कमी पडतं, गोळी ते भरून काढते, आजार मात्र बरा होत नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हे मुंगीच्याच पावलानं आलं होतं आणि जायचं नाव काढत नव्हतं.

मला कळत नव्हतं ते वेगळंच. उन्हाळ्यात हेच आबा काठी टेकत जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात फिरायचे, मिरच्या निवडून आणायचे. दिवाळीनंतर त्यांना अंगणात यायलाही दहा मिनिटं लागू लागली. गोळी तीच, वेळ तीच, देणारा मायचा हातही तोच. मी म्हणायचो, थंडीनं असेल. मग म्हणायचो, गोळ्याच नकली असतील. औषधाच्या दुकानात जाऊन भांडूनही आलो.

त्यात माय दोन दिवस माहेरी गेली. गोळ्या मी दिल्या आणि आबा गोठ्यापर्यंत जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून आले. माय परतली आणि पुन्हा उंबरठा. माझं डोकं चालेना. डोकं चालेनासं झालं की माझी जीभ चालते, हा माझा जुना रोग.

"सोंग करून राहिले का तुमी?" मी ओरडलो. "माय घरात आली की काहून पाय अडतात?"

आबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. या आजारात चेहराही ताठरतो हे मला माहीत होतं, तरी मला तो हट्टच वाटला. माय मात्र रडली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशासोबत देता?"

माय हौसेनं म्हणाली, "दुधासंगं. कडक गोळी गरम पडती ना, साहेब. दिवाळीत म्हैस व्याली तवापासून पेलाभर दूध देते. त्याच्या आदी म्हैस भाकड व्हती, मग नुसत्या पाण्यावरच भागवलं."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, दुधातली प्रथिनं आणि ही गोळी एकाच वाटेनं अंगात शिरतात. दूध आधी घुसतं, गोळी ताटकळत राहते. जेवणाआधी अर्धा तास पाण्यासोबत द्या, दूध नंतर कधीही. मला दूध तापवायचा कंटाळा, म्हणून मी ते दोन दिवस पाणीच दिलं होतं. माझ्या आळसाचं एवढं गोड फळ मी कधी पाहिलं नव्हतं, पण हसू आलं नाही.

परतताना जीपमध्ये माय एकच वाक्य बोलली. "म्याच ह्यांचे पाय बांधले की."

आता आबा चालतात. काही दिवस. काही दिवस पाणी, वेळ, सगळं बराबर असूनही पाय अडतात आणि का ते मला अजून समजत नाही. समोर ओलांडायला रेघ दिसली की अडलेला पाय उचलतो, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मी उंबरठ्याअलीकडे खडूनं रेघा ओढल्या आहेत. आबा एकेक रेघ ओलांडतात.

परवा अशाच एका रेघेवर ते थांबले होते. मी विचारलं, "आबा, त्या दिवशी मी सोंग म्हणलो. राग आला व्हता का?"

त्यांचा आवाजही आता बारीक झालाय. मी कान जवळ नेला.

"राग कशाचा? मला बी तसंच वाटत व्हतं. पडल्या पडल्या इचार करायचो, मी खरंच सोंग करून राहिलो की काय."