समरकंदमध्ये मी केतकीला काठोकाठ चहा ओतला

उझबेकिस्तानला जायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. केतकी म्हणाली, "यार, चल ना, मी तिकिटं बुक करतेय." तिने एकटीने फोटो टाकायचे आणि मी अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये बसून लाइक करायचे, हे मला झेपलं नसतं. म्हणून गेले.

केतकी माझी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावापासूनची रूममेट, आता वेगळी राहते. डिग्री तीच, नोकरीही तशीच. पण तिचे बाबा मस्कतला नोकरीला होते, ती तिथे जन्मली आणि ग्रीन कार्डची रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते. तिला केव्हाच मिळालं. मी पडले नागपूरची, भारताची रांग सगळ्यात लांब, माझा नंबर येईपर्यंत केस पिकतील. जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

आता कामाचं. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. अमेरिकेत व्हिसावर असाल तर परतीचा स्टॅम्प आधी तपासा. ताश्कंद ते समरकंद फास्ट ट्रेन घ्या, दोन-अडीच तास लागतात, पण तिकीट आधीच काढा. थोडी रोकड जवळ ठेवा. शाकाहारींनी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. हॉटेलवाल्याने माझ्या पुलावातले मटणाचे तुकडे वेचून काढले आणि तोच भात मोठ्या प्रेमाने पुढे केला. मग मी टोमॅटो, नान आणि घरच्या चिवड्यावर दिवस काढले. आणि हो, नान पालथा ठेवू नका, वाईट दिसतं.

समरकंदला आम्ही एका घरात उतरलो. मालकीणबाईंना सगळे ओपा म्हणत, म्हणजे ताई. त्यांनी पहिल्याच दिवशी अर्धाच कप चहा दिला. मला वाटलं, काय हा चिक्कूपणा! त्यांच्या मुलीने आम्हा दोघींना इंग्रजीत समजावलं, अर्धा कप म्हणजे बसा, आम्हाला पुन्हा ओतू द्या. काठोकाठ भरला की समजायचं, आता निघा. आपल्याकडे अर्धा कप दिला तर पाहुणा गावभर सांगेल.

शेवटच्या सकाळी द्राक्षांच्या मांडवाखाली चहा चालला होता. केतकी सहज म्हणाली, "मी जॉब सोडतेय. सहा महिने नुसती फिरणार."

माझा व्हिसाच नोकरीवर, मी ती सोडली तर दोन महिन्यांत अमेरिकेतून गाशा गुंडाळावा लागेल. तळपायाची आग मस्तकात गेली. किटली माझ्या हाताशी होती. मी तिचा कप काठोकाठ भरला. ओपांची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. केतकीने चहा संपवला आणि बॅग भरायला गेली.

विमानात आम्ही कामापुरतं बोललो. सॅन फ्रान्सिस्कोला ती ग्रीन कार्डवाल्यांच्या छोट्या रांगेतून पाच मिनिटांत बाहेर पडली. मी कागदांची फाइल छातीशी धरून तास-दीड तास उभी. वाटलं, गेली असेल. ती बेल्टजवळ बसली होती, माझीही बॅग घेऊन.

"चिडलीस?" मी विचारलं.

"ग्रीन कार्ड आलं ना, तेव्हा तीन आठवडे तुला सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "आईला फोन करायलाही कारमध्ये जाऊन बसायचे. तुझ्यासमोर मला कधी खूश होताच आलं नाही गं."

मी सॉरी म्हटलं. ते फारच थोडं होतं.

घरी येऊन धुणं मशीनला लावलं आणि तिला फोन केला. म्हटलं, "सांग, सहा महिने कुठे कुठे जाणार?" आधी ती चाचरली. मग बोलायला लागली, ती थांबेचना. माझ्या पोटात दुखत होतं, अजूनही दुखतं. तरी मी म्हणत राहिले, "अजून सांग."