पुढे पाठवलेला गडी

हे मी आईला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तो आत्ता पलीकडच्या खोलीत झोपला आहे. अलीकडे दुपारी झोपतो. पूर्वी झोपत नसे.

कुठून सुरुवात करू? गेमपासून करते. कारण मी जे केलं ते तिथे शिकले होते.

आम्ही तिघं होतो. मी, माझा धाकटा भाऊ अमोल आणि राहुल. राहुल बोरी अरबचा, पण शिकायला दिग्रसला मावशीकडे राहायचा — आमच्या अगदी समोर. पाचवीपासून माझ्याच वर्गात. आमचं कॉलेज संपलं त्या वर्षी अमोलने कुठून तरी एक गेम आणून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकला. सायकल शर्यतींचा. पण त्यात सायकल चालवायची नसते, चालवून घ्यायची असते. आठ गडी तुमच्या हाताखाली. कुणी वाऱ्याला तोंड द्यायचं, कुणी त्याच्या आड बसून दम राखायचा, कुणी मागे संघाच्या गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांसाठी बाटल्या आणायच्या — हे तुम्ही ठरवायचं. प्रत्येकाच्या नावाखाली एक हिरवी पट्टी. ती त्याची ताकद. जोर लावायला सांगितला की पट्टी आटत जाते. संपली की गडी मागे पडतो आणि नाव यादीच्या तळाला जातं. मग त्याच्याकडे बघायची गरज नसते. पुढच्या शर्यतीत ती पट्टी पुन्हा भरलेली.

अमोल आणि राहुल खरी सायकल चालवायचे, पहाटे उठून, दारव्ह्यापर्यंत जाऊन यायचे. गेममध्ये मात्र मी त्यांना हरवायचे. नेहमी. का? कारण त्यांना प्रत्येक गड्याची दया यायची. राहुल तर मागे पडलेल्यासाठीसुद्धा दुसऱ्याला थांबवायचा. मी थांबवत नसे. माझा एक डाव ठरलेला होता. शर्यत अर्धी झाली की एक गडी एकटाच पुढे सोडायचा. तो जोमाचा हवा, पण जिंकण्याइतका नको. तो दिसेनासा झाला की बाकीचे संघ घाबरतात, त्याला गाठायला जीव तोडतात. माझा मुख्य गडी त्यांच्या आड आरामात बसलेला. शेवटच्या चढावर सगळे दमलेले, आणि तो ताजा. पुढे सोडलेल्याला पाणी पाठवायचं नाही, कारण ते न्यायला आणखी एकाची ताकद जाते. आणि त्याला वाचवायचं कशाला? त्याचं काम झालेलं असतं.

मला हा डाव फार आवडायचा. हे आधी सांगून टाकते.

मग खरी शर्यत जाहीर झाली. दिग्रसहून दारव्हा, बोरी करत यवतमाळच्या अलीकडे लोहाऱ्यापर्यंत. पहिला येईल त्याला नागपूरच्या प्रशिक्षण शिबिरात जागा. एकच जागा. अमोल बारावीला दोनदा बसला होता आणि बाबांनी कापसाच्या जिनिंग कारखान्यात त्याच्या कामाचं बोलून ठेवलं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. राहुलच्या घरीही परिस्थिती याहून वेगळी नव्हती. आणि खरं सांगायचं तर — राहुल अमोलपेक्षा बरा होता. तो आपल्या चालीने गेला असता तर जिंकला असता. हे अमोलला ठाऊक नव्हतं, राहुललाही नव्हतं. मला होतं. मी दोघांना पट्टीवर बघत होते.

दोघांच्या मागे स्कूटीवर पाणी घेऊन मीच जाणार होते. डावही मीच सांगणार, असं त्या दोघांनीच ठरवलं. गेममुळे.

आदल्या दिवशी राहुल आमच्या ओट्यावर बसून चेनला तेल देत होता. मी त्याच्याशेजारी बसले. म्हणाले, “दारव्हा सुटलं की तू पुढं निघ. मांगं पाहू नको. चढाच्या आधी अमोल येते तुह्याजवळ. मंग दोघं मिळून जा. ज्याच्यात दम राहीन त्यानं जिंकाव.”

“अन् पानी?”

“बोरीच्या फाट्यावर मी आणून देईन.”

तो हसला. “तू सांगतं तर ठीकच असन,” एवढंच म्हणाला आणि परत चेनकडे वळला.

अमोलला मी वेगळं सांगितलं. राहुल पुढे गेला तरी जागचा हलू नको, इतरांच्या आड राहा. त्यानं “काहून?” विचारलं. मी म्हटलं, तुले जिंकायचं आहे ना?

मार्च संपत आला होता. शर्यत सकाळी सहाला सुटायची होती, पण पाहुणे आले नव्हते. पोरं सायकली धरून मांडवात उभी. सूर्य वर आला, सत्कार झाले, भाषणं झाली. कुणीतरी म्हणालं की आता उन्हाचं नको, उद्या घेऊ. पण पाहुणे आलेले होते, मग उद्या कशी घेणार? झेंडा पडला तेव्हा डांबराचा वास यायला लागला होता. तेव्हाही मी डाव बदलू शकले असते. राहुल हाताच्या अंतरावर होता. मी त्याला फक्त म्हणाले, “दारव्ह्यानंतर.”

दारव्हा सुटलं आणि तो निघाला. सांगितलं तसाच. बाकीच्यांनी आधी लक्ष दिलं नाही, मग तो ठिपका झाला तसे घाबरले आणि पुढे होऊन जोर लावू लागले. अमोल त्यांच्या आड. मला आठवतं, मला आनंद झाला होता. खरंच आनंद. वावरांतून पराटीचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग पेटवले होते, धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता, आणि मी स्कूटीवर बसून विचार करत होते की सगळं गेमसारखंच होतंय.

स्कूटीच्या पुढ्यात बाटल्या होत्या. अर्ध्या अमोलच्या, अर्ध्या राहुलच्या. बोरीचा फाटा जवळ आला. मी जाऊ शकत होते. वेग वाढवला असता तर राहुलला गाठलं असतं. पण मग अमोल पाण्याशिवाय राहिला असता. शिवाय राहुलला पाणी मिळालं तर त्याची पट्टी भरली असती, आणि तो चढावरही सापडला नसता. मी हा विचार याच शब्दांत केला — पट्टी. मग मी राहुलच्या बाटल्यासुद्धा अमोलला देत गेले. एक त्याने डोक्यावर ओतली.

बोरीत राहुलची आई रस्त्यावर तांब्या घेऊन उभी होती. हे मला तिनेच पुढे सांगितलं. त्याने हात हलवून नको म्हटलं आणि ओरडला, “प्रणाली येऊन राह्यली मांगून.” आणि थांबला नाही. त्याच्या आईने हे मला रागाने सांगितलं नाही. “तुह्यावर लय भरवसा होता पोराचा,” असं म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

अजून मुख्य गोष्ट राहिली आहे. मी तिच्याभोवती फिरते आहे, कळतंय मला.

लोहाऱ्याआधी चढ लागतो. तिथे आम्ही त्याला गाठलं. तो सायकलवरच होता, पण रस्ता आडवा कापत होता — या कडेहून त्या कडेला. अंगावर घाम नव्हता. एवढ्या उन्हात घाम नाही, हे मला दिसलं. बाकीचे त्याला ओलांडून गेले. अमोल त्यांच्यातून सुटून पुढे झाला, ठरल्याप्रमाणे. मी राहुलच्या बाजूला आले. त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. एक हात हँडलवरून सोडून माझ्याकडे केला. तळवा वर.

माझ्याकडे एक बाटली शिल्लक होती. भरलेली.

पुढे अमोल वळणाआड जात होता. त्याला आता जोर लाव असं सांगायचं होतं. मी समोर पाहिलं आणि स्कूटी पुढे काढली.

एवढंच. एवढंच मी केलं. मागून काही आपटल्याचा आवाज आला का? मला वाटतं आला. मी मागे वळून पाहिलं नाही.

अमोल जिंकला. त्याच्या गळ्यात हार पडत असताना एका टेम्पोवाल्याने राहुलला आणून उतरवलं. आधी यवतमाळचा दवाखाना, मग नागपूर. उन्हानं आणि अतिश्रमानं स्नायू फुटून त्यांचं विष किडन्यांत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. लघवी चहाच्या रंगाची होत होती. कित्येक आठवडे डायलिसिसच्या मशिनवर. नागपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे विचारत होते — हा एकटाच पुढे कशाला गेला? आणि मी, कुणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नसताना म्हणाले, “मी त्याला नको म्हटलं होतं. त्यानं ऐकलं नाही.”

पाण्याचंही कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, स्कूटी मधेच बंद पडली होती, त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही.

तो शुद्धीवर आला तेव्हा शर्यतीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. आदल्या दिवशीचा ओटाही नाही. लोकांनी जे सांगितलं तेच त्याचं खरं झालं. भेटायला गेले तर त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “तू सांगतलं होतं. मीच आयकलं नाही. माफ कर.” त्याने माझी माफी मागितली. आणि मी काय केलं? मी “असू दे” म्हटलं.

अमोल शिबिरातून वर्षभरात परत आला. तिथल्या पोरांपुढे त्याचा टिकाव लागला नाही. आता तो वनरक्षक आहे, सायकलचं नाव काढत नाही. राहुलने मला मागणी घातली आणि मी हो म्हटलं. प्रेम होतं? होतं, असं मला वाटतं. पण त्या ‘हो’मध्ये दुसरं काय काय होतं, ते मी कधी उकरून पाहिलेलं नाही. त्याच्याजवळ राहिले तर त्याला काय आठवतं यावर लक्ष ठेवता येईल — हाही विचार आला होता. लपवत नाही.

संध्याकाळी आम्ही अजून तो गेम खेळतो. त्याची नवी आवृत्ती. मी कुणाला एकटं पुढे सोडलं की तो बाजूला बसून म्हणतो, “त्याले पानी पाठव ना पहिले.” साधंच म्हणतो. मी पाठवते.

गेल्या महिन्यात त्याच्या पायांना सूज आली. यवतमाळला दाखवायला गेलो. रिपोर्ट चांगले नाहीत. डॉक्टर नवीन होते, जुना इतिहास विचारू लागले. राहुलने सगळं सांगितलं, नेहमीसारखं — माझीच चूक, उन्हात एकटाच जोर लावला. डॉक्टर लिहिता लिहिता माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही होता का त्या वेळी? पाणी किती वेळ मिळालं नव्हतं, काही अंदाज?”

“नाही,” मी म्हटलं. “तेव्हा आमची ओळख नव्हती.”

अशी कशी बोलले? कुणी विचारलं होतं ओळखीचं? इतकी वर्षं जपून बोलणारी मी — तोंडातून निघून गेलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहीत राहिले. राहुलने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण कुठल्या रस्त्यावर आलो हे न कळलेला माणूस पाहतो, तसं. त्याने डॉक्टरांसमोर मला खोटं पाडलं नाही.

बसमध्ये तो खिडकीशी बसला. दिग्रस येईपर्यंत बाहेर पाहत होता. घरी आल्यावर गोळ्या कुठे ठेवल्या ते विचारलं, जेवला, ताट उचलून मोरीत ठेवलं. त्यानंतर आजवर त्याने मला एक शब्द विचारलेला नाही. फक्त कधी कधी मी स्वयंपाक करत असते आणि मान वर केली की तो दाराशी उभा असतो.

तो विचारेल तेव्हा मी काय सांगेन, मला ठाऊक नाही. आजवर मी त्याला खोटंच सांगत आले.