शिट्टीच्या आधी खेळ, शिट्टीनंतर गुन्हा

आमच्या मामेसासऱ्यांनी आजवर जेवढ्या खेळाडूंना अटक करायचं मनात आणलं, तेवढ्यांना खरोखरच आत घातलं असतं, तर बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या कोठड्या कमी पडून एखादं साखरेचं गोदाम भाड्यानं घ्यावं लागलं असतं. त्यात गल्लीत विटीदांडू खेळणारी पोरं असती, टीव्हीवरचे नावाजलेले गोलंदाज असते, आणि हळदीकुंकवाला संगीत खुर्ची खेळताना शेजारणीला कोपर मारणाऱ्या त्यांच्या सख्ख्या मेहुणीचाही नंबर लागला असता. मेहुणीच्या बाबतीत तर त्यांनी जागेचा नकाशासुद्धा काढला होता. त्यावर 'खुर्ची क्रमांक चार' असं लिहून बाण दाखवलेला मी स्वतः पाहिला आहे.

हे माझ्या बायकोचे मामा. गाव कोऱ्हाळे बुद्रुक, चार एकर ऊस, आणि पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी अंगावरची खाकी उतरवली, पण ती तेवढीच. पहाटे उसाला पाणी द्यायला निघाले तरी गस्तीवर निघाल्यासारखे निघतात. खिशात एक पितळी शिट्टी, काखेत पंचनाम्याची लांबडी वही आणि वहीत कार्बनपेपर, हा त्यांचा बारमाही सरंजाम. नोकरीत असल्यापासून ते गावोगावच्या यात्रांत कबड्डीचे पंच म्हणून उभे राहत, आणि त्यांच्या हाताखाली खेळलेल्या खेळाडूंच्या आता दोन पिढ्या झाल्या. पंच म्हणून माणूस इतका काटेकोर की एकदा स्वतःच्या भाच्याला बाद दिलं आणि मग त्याच भाच्याच्या घरी मुक्कामाला गेले. भाच्यानं जेवायला वाढलं, पण तूप वाढलं नाही. मामांनी त्याचीही नोंद केली.

माझी आणि त्यांची पहिली गाठ माझ्या लग्नात पडली. मुठीतली सुपारी सोडवण्याचा खेळ चालला होता. बायकोनं, म्हणजे तासाभरापूर्वी झालेल्या बायकोनं, मूठ अशी आवळली होती की मी जोर लावला आणि तिचं नख माझ्या मनगटावर ओढलं गेलं. दोन थेंब रक्त आलं असेल. बायका हसत होत्या. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक गृहस्थ आले, त्यांनी चष्मा लावला, माझं मनगट उजेडात धरलं आणि म्हणाले, "साधी दुखापत. तक्रार हाय का, जावईबापू?" मी नाही म्हणालो. लग्नाच्या दिवशी दुसरं काय म्हणणार? "मग आपसात मिटलं असं लिवतो," म्हणाले आणि खरोखरच लिहिलं. आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या, दोन साक्षीदार घेतले, वेळ टाकली. त्या कागदाची कार्बन प्रत आमच्या कपाटात आहे. आमचं भांडण झालं की बायको ती काढून मला दाखवते.

मामांचं म्हणणं एकच होतं, आणि ते ऐकवण्यासाठी ते कोऱ्हाळ्याहून बारामतीला माझ्या ऑफिसात स्कूटरवरून येत. मी बारामतीच्या कोर्टात वकिली करतो, मुख्यतः जमिनीच्या वाटण्यांचे दावे. भावाभावांच्या बांधाच्या भांडणातून मी मान वर काढली की समोर मामा. "मैदान काय सरकारच्या हद्दीभाईर हाय व्हय? रस्त्यावर एकानं दुसऱ्याचा हात मोडला तर कोठडी, आन् मैदानात मोडला तर टाळ्या. ह्यो कुठला न्याय?" मोबाइलवर त्यांना कुठल्याशा थंड देशातला बर्फावरच्या हॉकीचा व्हिडिओ सापडला होता. त्यात खेळाडू काठ्या टाकून एकमेकांना मुष्टिप्रसाद देत होते आणि पंच शांतपणे उभा राहून बघत होता. मामांचा संताप खेळाडूंवर नव्हता, त्या पंचावर होता. "इन्स्पेक्टरनं बघ्याची भूमिका घेतल्यावानी उभा हाय बघा," म्हणाले. तो व्हिडिओ त्यांनी मला नऊ वेळा दाखवला.

कलमं तर त्यांना घरच्या माणसांसारखी. म्हशीनं लाथ मारली तरी "तीनशे तेवीस, साधी दुखापत" म्हणायचे. मग नवा कायदा आला आणि जुन्या कलमांचे आकडे बदलले. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मामी मला फोनवर म्हणाल्या, "घरातलं कुणी गेल्यावानी बसल्यात हो. तुमी तरी या." मी नवं पुस्तक घेऊन गेलो. आठ दिवसांत त्यांनी ते अख्खं पाठ केलं. म्हशीला मात्र अजून जुनंच कलम लागतं.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी त्यांचा डावा गुडघा आहे, हे मला फार उशिरा कळलं. तरुणपणी ते स्वतः नामांकित चढाईपटू होते. एका सामन्यात ते बाद झाल्यावर, खेळ थांबल्यावर, कुणीतरी मागून त्यांच्या गुडघ्यावर उडी टाकली. "ज्यानं मोडला त्याला फेटा बांधला, आन् मला बैलगाडीत घातलं," एवढंच ते सांगतात. ते ऐकल्यावर मी त्यांना हसणं कमी केलं, अगदी बंद केलं असं म्हणवत नाही.

एकदा वाद घालून घालून दोघंही दमलो तेव्हा मी त्यांना कायद्याच्या पुस्तकातलं उदाहरण वाचून दाखवलं. दोघांनी राजीखुशीनं पट्टेबाजी खेळायचं ठरवलं आणि नियमानं खेळताना एकाला लागलं, तर तो गुन्हा नाही.  मामा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मंजे नियम हाय तवर राजीखुशी हाय. आन् नियम कवा संपतो?" मी सहज म्हणालो, "तुम्ही शिट्टी वाजवली की." मामा ताडकन उठले. चाळीस वर्षं शोधत होते ते सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याआधी ते दोन्ही संघांना मधल्या रेषेपाशी उभं करत, मातीला हात लावायला सांगत आणि बजावत, "शिट्टीच्या आधी खेळ, शिट्टीनंतर गुन्हा. ध्यानात ठिवा." पोरं हसत, पण त्या वर्षी शिट्टीनंतर कुणी कुणाला बोट लावलं नाही. मामा सामन्यांवरून असे खुशीत परतत की मामी म्हणाल्या, लग्नातसुद्धा हे एवढे हसले नव्हते.

आणि मग कळस गावच्या यात्रेतला मुलींचा अंतिम सामना आला. मी मुद्दाम गेलो होतो. एका बाजूला कळस, दुसऱ्या बाजूला अंथुर्णे, भोवती माणूसच माणूस, झाडांवर पोरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बायका, आणि हलगी अशी घुमत होती की आपला आवाज आपल्याला ऐकू येईना. कळसची सोनाली चढाईला आली की सगळं मैदान उभं राहायचं. अंथुर्ण्याची राणी पकडीला पक्की. पोलीस भरतीची तयारी करणारी, मैदानी चाचणीत पहिली आलेली, लेखी झालेली, आता फक्त यादी लागायची बाकी. मी वकिलासारखा नाही, यात्रेत आलेल्या पोरासारखा ओरडत होतो. गुण बरोबरीत. शेवटची चढाई. सोनाली आत घुसली, एकीला शिवली, वळली, आणि राणीनं तिला घोट्यात धरलं. दोघी पडल्या. सोनाली रेषेकडे हात ताणत होती, राणी मागं ओढत होती, वर तिसरी पडली, आणि सोनालीची किंकाळी हलगीच्याही वर ऐकू आली. उजवा हात मनगटाच्या वर मोडला होता.

दुसऱ्या दिवशी सोनालीचे वडील मामांच्या अंगणात उभे. साधा माणूस, डोळे सुजलेले. "जमादार, चढाई संपल्याव त्या राणीनं हात पिरगाळलाय. समदं गाव सांगतंय. तुमीच म्हणता शिट्टीनंतर गुन्हा. ठाण्यात अर्ज दिलाय. फौजदारबाई म्हणल्या, पंचाचा जबाब येऊ द्या, मग बघू." गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला असता तर राणीच्या भरतीचं काय झालं असतं, हे दोन तालुक्यांत कुणाला सांगायची गरज नव्हती. आणि सोनालीच्या हाताचं काय झालं होतं, हेही दिसतच होतं.

मामा तडक माझ्याकडे आले. खोटं कशाला सांगू, मामा उत्साहात होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मैदानावरचं पहिलं प्रकरण दारात आलं होतं. कुणीतरी मोबाइलवर सामना चित्रित केला होता तो घेऊन आले. आम्ही माझ्या टेबलावर तो लावला. हलगीमुळे शिट्टी वाजली की नाही काही कळत नव्हतं. पहिल्यांदा बघताना मामा राणीचे हात बघत होते, दुसऱ्यांदा सोनालीचे पाय. तिसऱ्यांदा म्हणाले, "थांबवा हितं." मी थांबवलं. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो मान खाली घालून उभा कोण हाय?"

"तुम्ही, मामा."

आधीच्या चढाईत कुणीतरी कुणाची वेणी ओढली होती. मामा त्या वेणीचा पंचनामा लिहीत होते. वही डाव्या हातावर धरली होती, आणि शिट्टी गळ्यातल्या दोरीला लोंबत होती. सोनाली पक्की अडकली होती, सुटण्याची सोय उरली नव्हती, शिट्टी तेव्हाच वाजायला हवी होती. ती वाजलीच नाही. म्हणून राणीनं सोडलं नाही.

मी वकील आहे. तोंडातून गेलंच, "मामा, शिट्टी कुणालाच ऐकू आलेली नाही. तुम्ही म्हणाल तेच खरं धरतील."

"त्येच तर वांदं हाय," मामा म्हणाले.  मग वही उचलली आणि म्हणाले, "चाळीस वर्सं वरडतोय, कुणाला तरी धरा म्हणून. आता धरायचा माणूस घावला. चला ठाण्यात."

ठाण्यात त्यांनी उभं राहून जबाब दिला. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी शिट्टी वाजवली नाही, मी लिहीत होतो, शिट्टीविना खेळ चालू होता, मुलगी नियमात खेळत होती, हयगय माझी आहे, माझ्यावर गुन्हा घ्या. फौजदारबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मामा, तुमचा जबाब मी जसाच्या तसा घेते. पण शिट्टी न वाजवल्याबद्दल आजवर मी कुणाला आत टाकलेलं नाही." मामांनी स्वतःला लागू पडणारं कलम त्यांना सांगितलं, नव्या आकड्यासकट. बाईंनी चहा मागवला. मामांचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कुणाही मोठ्या वकिलाचा वाटलेला नाही.

तिथून ते कळसला सोनालीच्या घरी गेले. पोरगी हात गळ्यात अडकवून ओट्यावर बसली होती. मामांनी सगळं सांगितलं. ती मामांना म्हणाली, "मला ठावं हाय, आबा. शिट्टी आली न्हाय म्हणूनच मी बी रेषेकडं वढत व्हते. राणीनं सोडलं असतं तर मी सुटले असते की. मग ती कशापायी सोडंल?" वडिलांनी लेकीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. अर्ज मागं घेतो म्हणाले. पाणी दिलं, चहा दिला, आणि निघताना दारात मामांचा हात धरून म्हणाले, "पर जमादार, हितनं फुडं माझ्या लेकीच्या सामन्याला शिट्टी तुमच्याकडं नगं." मामा म्हणाले, "बराबर हाय."

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच सामन्याला शिट्टी धरली नाही. मंडळांनी विनवण्या केल्या, मामींनी सांगून पाहिलं, मी कायद्याचे दाखले दिले. उपयोग झाला नाही. बाकी मामा तेच आहेत. खेळाडूंना अटक व्हायला पाहिजे, हे म्हणणं अजून तसंच आहे. फक्त हल्ली त्यापुढे "आधी पंचाला" असं जोडतात.

यंदाच्या यात्रेला आम्ही दोघं प्रेक्षकांत बसलो होतो, बांधावर. राणी प्रशिक्षणाला गेलेली, तिची जागा दुसऱ्या कुणी घेतली होती. सोनालीचा हात जुळला होता आणि ती पूर्वीसारखीच चढाईला येत होती. एका चढाईत तिला दोघींनी धरलं. मैदान ओरडत होतं. मी सहज शेजारी बघितलं. मामांच्या मांडीवर वही नव्हती. डोळे त्या तिघींवर खिळलेले होते आणि मूठ ओठांपाशी गेली होती. मुठीत काही नव्हतं. तिकडे पंचाची शिट्टी वाजायच्या किंचित आधी मामांनी त्या रिकाम्या मुठीत फुंकर मारली, अगदी वेळेवर, आणि मग हळूच हात खाली घेतला. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही असं दाखवलं आणि मैदानाकडे तोंड करून जोरजोरात टाळ्या वाजवल्या.