वांग्याचा फोन

चहा गार व्हायच्या आत सांगते, आणि मधी कुणी हसायचं नाही. माझ्यासारखी मूर्ख बाई अख्ख्या नांदेडात दुसरी नसेल. असली तर तिचा नंबर मला देऊ नका, नंबरांचाच तर सगळा घोळ आहे!

झालं असं, आमच्या मुक्ताला निलंग्याचं स्थळ आलं होतं. पोरगा चांगला, मुक्ताला लई पसंत. मुलाची आई जाताना म्हणली, "दोन-तीन दिसांत फोन करते." आणि नेमका त्याच हप्त्यात माझा फोन रुसला. वाजायचा, पण उचलायला बोट फिरवलं की ढिम्म! समोरचा कंटाळून ठेवायचा, मग हा हलायचा.

आता निलंग्याच्या बाईंचा फोन आला आणि मी उचललाच नाही, तर? 'ह्या लोकांना लई तोरा आहे' असं म्हणून त्या दुसरी पोरगी बघतील की!

म्हणून गेले मोबाईल दुरुस्त करणाऱ्या अन्वरभाईंकडं. त्यांचे वडील त्याच दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. अजून भिंतीवर सात घड्याळं आहेत आणि सातही वेगळी वेळ दाखवतात. मला पहिला संशय तिथंच आला.

अन्वरभाईंनी फोन उलटा-सुलटा केला. "भाभी, फोन ठणठणीत हाय. आतलं सॉफ्टवेअर थकलंय. कंपनीनं अपडेट बंद केलं. कस्टम रॉम टाकू, नव्यासारखा पळंल."

"कस्टम? विमानतळावर पकडतात ते?"

"ते न्हाई. कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकायचं. त्यासाठी आतलं कुलूप उघडावं लागतं. उघडलं की सगळं पुसून जातं. म्हणून आधी बॅकअप घेतो, मग परत टाकतो."

कुलूप उघडणार, सगळं काढून घेणार, मग पुसणार! चोर तरी दुसरं काय करतो, सांगा?

"उद्या आणते," म्हणलं. घरी आले आणि ह्यांच्या फोनवरून लातूरला धाकट्या बहिणीला, सुनंदाला, फोन लावला.

"येडी हायस का ताई? नंबर गेले की झालं! मग 'मम्मी, मी अडचणीत हाय' म्हणून फोन येतेत. नावं बघूनच फसवतेत."

"मग काय करू?"

"नावंच बदल की!"

बहीण माझीच. अक्कल एकाच घरातली.

दुपारभर बसून मी सगळ्यांना भाज्यांची नावं दिली. नवरा दोडका, कारण कितीही तापवा, पाणीच सुटतं. सासूबाई कारलं, हे आपल्यातच राहू द्या. सुनंदाला तिच्या अंगापिंडाला शोभेल अशी एक गोल भाजी दिली. भाज्या संपल्या तेव्हा डाळींवर आले. माहेर लातूरचं असल्यावर डाळींना काय तोटा?

आणि कोण कुठली भाजी, ती यादी? ती ठेवली तिजोरीत. म्हणजे फोनमधल्याच. भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक लिंक आली होती, त्यातून घेतलेलं ॲप. दिसायला कॅल्क्युलेटर, पण बरोबर आकडा टाकला की आत गुप्त कप्पा!

दुसऱ्या दिवशी स्टूल ओढून काउंटरला चिकटून बसले. अन्वरभाई लॅपटॉपला वायर लावून राहिले, मी वायरीकडं बघून राहिले. मधीच काहीतरी आवाज झाला.

"काय केलं?"

"खोकलो."

मग बॅकअप बघता बघता ते थांबले. "भाभी, मेथी, तोंडलं, मूगडाळ... भाजीचा धंदा हाय का?"

"हाव," म्हणलं. "होलसेल."

थोड्या वेळानं परत थांबले. "हा कॅल्क्युलेटर कुठून घेतला? प्ले स्टोअरचा न्हाई हा. आणि बेरजेसाठी ह्याला तुमचा कॅमेरा, माईक, कॉन्टॅक्ट कशाला पाहिजे?"

"मी बोलून बेरीज करते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बाकीचे ॲप मी प्ले स्टोअरवरून नवे टाकतो. हा टाकणार न्हाई, धोक्याचा हाय. ह्यात काही ठेवलं असंल तर आत्ताच काढून घ्या."

आला का नाही डाव! इतके ॲप सोडून नेमका माझ्या तिजोरीवर डोळा!

"काही नाही त्यात."

"पक्कं?"

"पक्कं म्हणजे पक्कं!"

दोन तासांत फोन हातात आला. काय पळत होता! फोटो सगळे जागेवर, नंबर सगळे जागेवर. "बघून घ्या भाभी," म्हणले. मी एकेक बघून घेतला, निर्लज्जासारखं. माणसानं शेंगदाण्याएवढं काही घेतलं नव्हतं.

ऑटोत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. फोनमधी चोर एकच होता, तो मीच लिंक दाबून घरात घेतलेला कॅल्क्युलेटर. आणि जाताना तो माझी यादी घेऊन गेला!

घरी येऊन फोन उघडला. गवार कोण? रताळं कोण? निलंग्याच्या बाईंना काय नाव दिलं, ते तर काही केल्या आठवेना. गवारीला फोन लावून बघितला.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"तुम्हीच लावला की!" म्हणे, आणि ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. नाव आलं, 'वांगं'.

वांगं... गोल... बुटकं... अगं बाई, सुनंदा! बोट फिरवलं आणि फटकन उचलला गेला! वा रे अन्वरभाई!

"हां, बोल गं! नाही आला बाई निलंग्याचा फोन. लई भाव खाऊन राहिली ती बाई! आणि हसती कशी, दात मोजून दिल्यासारखी! पण काय करू, आमच्या मुक्ताचा जीव जडलाय त्या पोरावर. ह्या बाईनं नाही म्हणलं तर पोरगी जेवायची नाही माझी. म्हणून गप बसले, नाहीतर असं सुनावलं असतं! अगं वांग्या, बोल की!"

समोरच्याला बोलू द्यायची सवय मला आधीपासून नाही.

"मी निलंग्याहून बोलून राहिले," पलीकडून आवाज आला. "वांगं कोण?"

फोन मस्त चालू होता. हँग मी झाले.

"अहो ताई, ते तुम्ही नाही... म्हणजे तुम्हीच, पण ते कस्टमवाल्यांमुळं... तुमची त्या दिवशीची साडी जांभळी होती ना, लई छान होती, म्हणून वांगं! सगळ्यांनाच दिलीत हो नावं! दोडका म्हणजे आमचे हे, कारलं म्हणजे आमच्या सासूबाई..."

सासूबाई माझ्या मागंच उभ्या होत्या.

पलीकडं त्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या मी मोजल्या. मुक्ताचं लग्न त्या वाफेतून उडून चाललेलं मला दिसत होतं.

मग त्या बाई, आवाज जराही न बदलता, म्हणल्या, "विहीणबाई, रविवारी सुपारी फोडायला येतो आम्ही. जेवायला वांगं तेवढं करू नका."