मनकर्णाची संध्याकाळ

आमच्या मनकर्णाला तुमी सकाळी बघितलं असतं तर म्हणला असता, काय चपळ पोरगी हाय. अन् सांजच्याला बघितलं असतं तर म्हणला असता, बिचारी पांगळी हाय. दोन्ही खरं होतं, अन् तिथंच सगळा घोटाळा होता.

मी शिवकांता, तिची वहिनी. लग्न होऊन गेवराईला आले तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. आमचं किराण्याचं दुकान, मागं घर. ते दिवस आठवले की अजून मला गुळाच्या ढेपेचा वास येतो. नुसत्या डाळी, मीठ-मिरच्या अन् काडेपेट्या विकणाऱ्या त्या दुकानात बघता बघता शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या, थंड्या बाटल्यांची लाल पेटी आली, शेजारी एसटीडीचं पिवळं खोकं उभं राहिलं. वरच्या फळीवरचा माल काढायला मनकर्णा बाकड्यावर टुणकन चढायची, अन् खाली उभ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "काका, झेला." हे सगळं सकाळी. दुपारनंतर तिला कुणी फळीकडं जाऊ द्यायचं न्हाई.

ऊन कललं की तिची पावलं आत वळायची, टाच उचलायची, अंगठा ताठ वर व्हायचा. दिवेलागणीला ती भिंतीला धरून चालायची. अन् मधी तासभर झोप काढली की उठून पुन्हा नीट! आता असलं दुखणं कोण खरं मानणार? शेजारच्या बायका म्हणायच्या, शाळेला पळती अन् भांडी घासायच्या टायमालाच बरी लंगडती. गल्लीत तिचं नाव 'नाटकी' पडलं. मला लई राग यायचा. एकीला मी तोंडावर म्हणले, "तुमी जरा घटकाभर असा अंगठा वर करून उभ्या राहा, मग बोला." त्या बाईनं दोन वर्षं आमच्या दुकानातून मीठ नेलं न्हाई. न्हाई तर न्हाई.

माझ्या सासूबाई छबुबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. रोज सांजच्याला त्या पितळी वाटीत करडीचं तेल कोमट करून आणायच्या अन् पोरीचे पाय मांडीवर घ्यायच्या. तोंडानं शिव्या चालू. "काय डोंगर खणला गं आज? कोण करून घेणार तुला?" अन् हातानं मात्र एकेक बोट सरळ करत बसायच्या, पार कुकरच्या शिट्ट्या होऊन भात करपला तरी. मनकर्णा डोळे मिटून पडलेली असायची. मी म्हणायची, "आत्याबाई, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवू." त्या म्हणायच्या, "गावभर बोभाटा करायचाय का? पोरीचं लग्न व्हायचंय."

म्हणून मग लपून जे करता येईल ते केलं. बीडच्या कुणा वैद्याची पावडर झाली, नजर उतरवून झाली. कपिलधारला मन्मथस्वामींच्या पायाशी घातलं. सकाळी दर्शनाला ही आमच्या सगळ्यांच्या पुढं अन् परतताना भावाच्या पाठीवर. माझा नवरा, कल्याणराव, तिला घेऊन घामाघूम झाला, तर ही त्याच्या कानात म्हणती, "दादा, तुझं वजन कमी करायला मीच बरी हाय." हसण्यावारी न्यायची तिची सवय मला तेव्हा लई गोड वाटायची. आता वाटतं, दुसरं करणार तरी काय होती ती?

तिला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आत्याबाईंचा एकच नियम, सकाळच्या एसटीनं या. पाहुणे नऊला आले की पोरगी हातात ताट घेऊन झपझप येणार, वाकून पाया पडणार. एकदा उमापूरचे पाहुणे एसटी चुकली म्हणून दुपारी उशिरा येणार असा निरोप आला, तर आत्याबाईंनी मनकर्णाला भर दिवसा खोलीत कोंडून झोपवलं. लग्नाची पोरगी घोरती अन् बाहेर आमी पोह्यांना फोडणी देतोय. ते स्थळ हुंड्यावरून मोडलं, पायावरून न्हाई.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर कडा गावाचं स्थळ आलं. मुलगा अमरनाथ, साखर कारखान्याच्या ऑफिसात होता. आपल्या लिंगायतांतलाच, गळ्यात लिंग, बोलणं कमी. सकाळी आला, सकाळीच पसंती देऊन गेला. लग्न लावणाऱ्या स्वामींनी मुहूर्त काढला तो निघाला गोरजेचा. गायी घरी यायच्या टायमाचा. आत्याबाईंच्या हातातली सुपारी खाली पडली. "सकाळचा बघा की," म्हणाल्या. स्वामी म्हणाले, "सकाळचा योग न्हाई."

त्या रात्री जेवताना आत्याबाईंनी तोडगा काढला. दुपारी झोपवू, अन् बोहल्यापर्यंत दोन्ही बाजूंनी करवल्या धरतील. नवरी लाजती म्हणतील लोक. मनकर्णानं हात धुतला, म्हणाली, "अन् दुसऱ्या सांजंला? तिसऱ्या? कड्याला मला कोण धरणार हाय?"

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या फोनवरून तिनं सरळ कारखान्याच्या ऑफिसात फोन लावला. मी शेजारी साखर तोलत होते. "मी गेवराईची मनकर्णा. तुमी मला सकाळचं बघितलंय. एकदा सांजंचं येऊन बघा." एवढं बोलून फोन ठेवला. आमच्या घरात कुण्या पोरीनं असं केलं नव्हतं. मी तिच्याकडं बघत राहिले, तर ही म्हणती, "वहिनी, साखर सांडती."

रविवारी अमरनाथ एकटाच आला, दिवेलागणीला. ती स्वयंपाकघराच्या दारातून ताटात चहा घेऊन निघाली, भिंत सोडून. चार पावलांत अर्धा चहा बशीत, पाय वाकडे, कपाळाला घाम. आत्याबाई आत पदर तोंडात धरून बसल्या होत्या. अमरनाथनं उठून ताट घेतलं अन् विचारलं, "दुखतं का?" मनकर्णा म्हणाली, "दुखत न्हाई, ओढतं." इतक्या वर्षांत आमच्यात कुणी हे विचारलंच नव्हतं की काय, असं मला वाटलं. तो चहा पिऊन गेला अन् मग महिनाभर कड्याहून काही कळलं न्हाई.

लग्न पायावरून अडलंय हे गावाला कळायचं ते कळलं. आत्याबाईंनी पोरीशी बोलणं टाकलं. तेल मात्र रोज लावायच्या, मुक्यानं. अन् मी कल्याणरावांना म्हणले, "आता लपवायचं काय राहिलं? चला औरंगाबादला."

तिथल्या नसांच्या डॉक्टरनं तिला चालवलं, बसवलं, अन् विचारलं, "झोपून उठल्यावर बरं असतं का?" मनकर्णा माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरनं एक छोटी गोळी दिली, अर्धी सकाळी, अर्धी दुपारी. तीन-चार दिवस गेले असतील. सांजच्याला मी दुकानात होते. ही घरातून निघाली, माझ्यासमोरून गेली, रस्ता ओलांडला अन् पार मोंढ्याच्या धान्यबाजारापर्यंत जाऊन आली. वाळूच्या ट्रकांची धूळ उडत होती, त्यातून ती परत येताना दिसली. पाय सरळ. मी काउंटरवर डोकं टेकून रडले, खोटं कशाला सांगू.

पण पुढच्या खेपेला डॉक्टरनं निराळंच सांगितलं. चालायला-हलायला मेंदूत डोपामिन नावाचा एक पदार्थ लागतो, तो हिला कमी पडतो. कावून कमी पडतो, त्याची दोन कारणं असू शकतात. एका आजारात तो वाहणाऱ्या नसाच मरत जातात. गोळी आज चालेल, पण दुखणं वर्षागणिक वाढत जाईल. दुसऱ्या आजारात नसा धडधाकट असतात, फक्त त्या हा पदार्थ पुरेसा बनवत न्हाईत. मग एवढ्याशा गोळीवर जन्म नीट जातो. कल्याणराव म्हणाले, "म्हणजे दुकानच पडतंय, का दुकान शाबूत हाय अन् नुसता माल येत न्हाई, एवढंच बघायचं." डॉक्टर म्हणाले, "बरोबर. अन् ते आता फोटोत दिसतं. मुंबईला जावं लागेल."

कड्याला निरोप दिला. अमरनाथचा फोन आला, आई म्हणती फोटोचं काय ते कळू द्या. मनकर्णानं विचारलं, "अन् तुमी?" तो म्हणाला, "मी बी वाट बघतो." तिनं फोन ठेवला अन् मला म्हणाली, "फोटो वाईट निघाला तर मीच न्हाई म्हणणार, वहिनी. कुणाच्या गळ्यात पडायचं न्हाई मला." मी तिला रागावले, पण तिचं बरोबर होतं हे मलाही कळत होतं.

मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात सकाळी तिच्या शिरेत एक औषध टोचलं. ते मेंदूत जाऊन त्या नसांच्या टोकांना चिकटतं अन् यंत्राला तिथून दिसतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. नस मेली असेल तर चिकटायला जागा न्हाई, मग तिथं अंधार. औषध भिनायला दुपार झाली. फोटोच्या खोलीत म्हणाले, गळ्यातलं काढा. तिनं साखळी काढली, कानातलं काढलं, चांदीच्या चौकटीतलं लिंग काढीना. आमच्यात ते मरेपर्यंत अंगावर असतं. कल्याणराव वाद घालायला लागले तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, "राहू द्या, डोक्याचाच फोटो आहे." लिंग मुठीत धरून ती डोकं न हलवता पडून राहिली. मी काचेतून तिच्या पायांकडंच बघत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. आधी एका दुसऱ्या रोग्याचा, नाव झाकून. काळ्या अंधारात दोन बारके ठिपके, हरभऱ्याएवढे. मग मनकर्णाचा. दोन ठसठशीत काजू, समोरासमोर ठेवल्यासारखे, पिवळे-लाल उजळलेले. बाई म्हणाल्या, "निरोगी माणसाचा असाच दिसतो. हिच्या नसा पूर्ण शाबूत आहेत." कल्याणरावांनी दोनदा विचारून घेतलं. मनकर्णा फोटोकडं बघत म्हणाली, "म्हणजे मी नाटकी नव्हते." बाईंना काही कळलं न्हाई. मी तिला जवळ घेतलं.

फोटो चांगला निघाल्याचं कळवलं, कड्याहून होकार आला अन् लग्न गोरजेलाच केलं. अमरनाथच्या आईनं सकाळचा मुहूर्त विचारून बघितला, तर मनकर्णानंच सांगितलं, गोरजच पाहिजे. सगळं गेवराई आलतं. नवरीच्या तोंडाकडं कोण बघतंय, सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर.

ऊन कललं, बाहेर वाजंत्री सुरू झाली. मी हिरवा शालू नीट करत होते तेवढ्यात आत्याबाई खोलीत आल्या. हातात तेलाची पितळी वाटी. लग्नाच्या गडबडीत, शंभर कामं सोडून, त्यांनी तेल कोमट करून आणलं होतं. मनकर्णा म्हणाली, "आई, आता कशाला?" आत्याबाई वाटीकडं बघत राहिल्या. मग खाली बसल्या, वाटी बाजूला ठेवली अन् तिचे पाय मांडीवर घेतले. एकेक बोट धरून बघितलं. सगळी सरळ होती. दिवेलागण झाली होती.

बाहेर अक्षता वाटल्या होत्या. स्वामींनी मुलीला आणा म्हणून दोनदा हाक मारली, तरी आत्याबाई पाय सोडीनात.